झिरो बघा, वहिनी

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५. राजाजीनगर.
सकाळी थंडी कमी. दूधवाल्याने पुन्हा चुकीची पिशवी टाकली. भाऊजींबरोबर जीपमधून बंकला गेले, डीझेल भरलं. टाकीत नळी घालण्याआधी भाऊजींनी तिचं तोंड नाकाशी नेऊन वास घेतला. मागच्या खेपेलाही घेतला होता. का? दुपारी अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची उसळ. भाऊजींच्या मुलाचा, जितेंद्रचा फोन आला. २३ तारखेला रविवारी सगळे मागडीपलीकडच्या आमराईत जाणार. जीप भाऊजीच चालवणार, नात ईरा त्यांच्याच जीपमधून येणार. मी बरं म्हटलं. म्हणायला नको होतं असं रात्री जेवताना वाटलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, रत्नाकर. आमचं घर दोन मजल्यांचं. वर मी एकटी, खाली ते एकटे. माझे यजमान आणि हे, दोघे भाऊ बेळगावाहून नोकरीसाठी बंगळूरला आले आणि दोघांनी सरकारी कारखान्यांतच जन्म काढला. रत्नाकर भाऊजींचं काम माती उपसणाऱ्या अजस्र यंत्रांची चाचणी घेण्याचं. यंत्र बाहेर पडण्याआधी ते यांच्या हाती यायचं. हे ते चिखलात घालायचे, चढावर चढवायचे, उतारावर थांबवायचे आणि त्यात काही खोट सापडली की आनंदाने घरी यायचे. खोट सापडली नाही की दोन दिवस अस्वस्थ. "काहीतरी लपवतंय," असं म्हणायचे, जणू यंत्र म्हणजे चोरी केलेला पोरगा.

निवृत्तीनंतर त्यांनी ही जीप घेतली. हिरवी, डीझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर देता येतो अशी. माझी जाऊ संपदा तेव्हा होती. ती जीपला सवत म्हणायची. "आज सवतीला आंघोळ घातली, मला एक तांब्या पाणी काढून दिलं नाही," असं माझ्या खिडकीखाली उभी राहून मोठ्याने सांगायची. भाऊजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि फडकं आणखी जोरात फिरवायचे. संपदा गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. सवत राहिली.

त्यांच्या काटेकोरपणाबद्दल गल्लीत कुणालाही विचारा. गाडी सुरू करायची तर आधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी. चारही टायरांवरून हात. मग खाली वाकून फरशीवर तेलाचा थेंब पडलाय का ते बघायचं. आत बसल्यावर हँडब्रेक ओढलेला आहे ना, दांडा न्यूट्रलला आहे ना, तो दोन्हीकडे हलवून खात्री. क्लच दाबायचा, किल्ली अर्धीच फिरवायची आणि थांबायचं. थंड डीझेल इंजिनाला आधी आतून ऊब लागते, तोवर समोर एक पिवळा दिवा जळतो. तो विझला की मगच किल्ली पुढे. आणि सुरू झाल्यावर लगेच पाय दाबायचा नाही. "झोपेतून उठलेल्या माणसाला कुणी धावायला लावतं का?" हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता तेच माझ्या तोंडात येतं.

हे सगळं मी वर गॅलरीतून बघत आले. कधी काही खटकलं नव्हतं. दिवाळीनंतर खटकायला लागलं.

पहिली गोष्ट, ते माणसाकडे सरळ बघेनासे झाले. बोलताना नजर माझ्या कानाकडे, खांद्याकडे, कधी मागच्या भिंतीकडे. आमच्या बेळगावच्या शाळेत एक सिस्टर होत्या, त्या म्हणत की जो तिरका बघतो त्याच्या खिशात काहीतरी असतं. माझ्या मनात ते वाक्य आलं आणि मग जाईना.

दुसरी गोष्ट, त्यांना एकाएकी माझी सोबत लागू लागली. इतकी वर्षं गाडीत कुणी बसलेलं त्यांना चालत नसे, संपदासुद्धा मागे बसायची. आता दर बुधवारी जिन्याखालून हाक, "वहिनी, बंकला येता का? हवा खाऊन येऊ." हवा खायला बंक, म्हणजे पेट्रोल पंप, ही जागा मला तरी नवीन होती.

तिसरी गोष्ट, ते मला शिकवायला लागले. माझं वय त्यांच्याहून जास्त. मी आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलं नाही. तरी हे सुरूच. "वहिनी, सांगा बघू, पिवळा दिवा विझला का?" मी म्हणायची, विझला. "शाब्बास." रस्त्यात, "वहिनी, पुढच्या पाटीवर काय लिहिलंय? कन्नड वाचायची सवय राहिली पाहिजे." मी वाचायची. बंकवर शिवकुमार नावाचा माणूस असतो, तो नळी हातात घेतली की नेहमीचं म्हणतो, "झिरो नोडी सार." म्हणजे आकडे शून्यावर आहेत ते बघून घ्या. भाऊजी यंत्राकडे तोंड करत आणि मला म्हणत, "झिरो बघा, वहिनी." मी म्हणायची, "सरी," म्हणजे ठीक, "झिरो आहे." मग ते शिवकुमारला म्हणत, "हाकप्पा." घाल बाबा.

मला वाटलं, म्हातारपणी शिक्षक व्हायची हौस आली असेल. पण माणूस हौशीने शिकवतो तेव्हा चूक काढतो. हे माझी चूक कधीच काढत नसत.

त्यात एक वेगळाच घोटाळा झाला. शलाका, म्हणजे जितेंद्रची बायको, पुण्याची. इलेक्ट्रॉनिक सिटीत त्यांचा अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. तिने एका बुधवारी फोन केला.

"काकू, बाबा फोन उचलत नाहीयेत. आहेत ना घरी?"

"खाली गाडीपाशी आहेत. बंकला निघालोय आम्ही."

"परत? लास्ट वेन्सडेलाही तुम्ही हेच म्हणालात. दर आठवड्याला बँकेत काय काम असतं?"

मी समजावून सांगायच्या आत तिकडे कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला. संध्याकाळी जितेंद्रचा फोन. आवाज एकदम खाली आणलेला. "काकू, बाबाला कुणी फसवत तर नाही ना? हल्ली म्हाताऱ्या लोकांना फोन करून बँकेत पाठवतात."

"अरे, बंक. डीझेलचा बंक. तू इथेच वाढलास ना रे?"

तो हसला. पण हसून झाल्यावर म्हणाला, "तरी पण काकू, जरा लक्ष ठेव. मला बाबा काहीतरी लपवतोय असं वाटतं."

बँकेचा बंक झाला, पण लक्ष ठेवणं माझ्या गळ्यात पडलं. आणि खरं सांगायचं तर ते मी आधीपासूनच ठेवत होते.

मला आधी दारूचा संशय आला. नळीचा वास घेतात तो तोंडाचा वास झाकायला की काय. मग मी गाडीत त्यांच्या जवळ सरकून बसले आणि खोल श्वास घेतला. फक्त लवंग. मग विसरभोळेपणाचा संशय आला. त्यांना मी जुन्या गोष्टी विचारल्या, माझ्या लग्नात जेवायला काय होतं, बेळगावच्या घरमालकाचं नाव काय. सगळं बिनचूक, वर मी विसरलेल्या दोन गोष्टी सांगितल्या. तेव्हा राहिला एकच संशय आणि तो मला स्वतःशीही म्हणवेना, कारण तो खरा असेल तर आम्ही दर बुधवारी काय करत होतो याचा विचार करावा लागला असता.

१२ तारखेला बंकवरून परत येताना मी सापळा लावला. सिग्नलला गाडी थांबली होती. समोर दागिन्यांच्या दुकानाची मोठी जाहिरात, त्यावर नवरीचा चेहरा. मी म्हटलं, "अहो भाऊजी, त्या बोर्डावरचा पांढरा घोडा काय सुंदर काढलाय नाही?"

त्यांनी मान जराशी डावीकडे वळवली. "हो, छान आहे," म्हणाले. "शेपूट विशेष छान."

घरी येऊन मी उसळीला दोनदा मीठ घातलं.

सांगायला हवं होतं, लगेच, त्याच दुपारी जितेंद्रला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. एखाद्याने म्हाताऱ्या वहिनीचं मन राखायला घोडा मान्य केला असेल. आणि चुकून त्यांच्यावर नसतं बालंट आलं तर किल्ली जाणार होती. किल्लीबरोबर काय जाणार होतं ते मला माहीत होतं. जितेंद्र दोन वर्षांपासून म्हणत होता, जीप विकू, बाबाला इकडे आणू. पण ईरा आठ वर्षांची आहे. आणि २३ तारीख जवळ येत होती.

१९ तारखेच्या बुधवारी मी स्वतःच म्हटलं, "चला, बंकला." त्यांनी गाडीला फेरी घातली. मी आज वरून नाही, शेजारी उभं राहून बघत होते. फरशीवर तेल आहे का ते वाकून बघतात असं मला इतके दिवस वाटत होतं. ते बघत नव्हते. तळवा फरशीवरून फिरवत होते आणि मग तळव्याचा वास घेत होते.

बंकवर नेहमीची शिस्त. इंजिन बंद. माझा मोबाइल पर्समध्ये. त्यांनी आधी जीपच्या पत्र्याला हात लावला, अंगात वीज साठली असेल तर ती तिथेच उतरते म्हणून. आमराईत लागलंच तर असू दे म्हणून एक डबाही भरायचा होता, तो त्यांनी गाडीतून खाली काढून जमिनीवर ठेवायला लावला. गाडीत ठेवलेला डबा भरायचा नसतो. मग वास. शिवकुमार हसला. म्हणाला, "सार, आमच्या बंकात दुसरं तेल येत नाही." भाऊजी म्हणाले, "तुझ्या बंकाचा विश्वास आहे रे. तुझा नाही." दोघेही खूश. "झिरो नोडी सार." "झिरो बघा, वहिनी."

मी बघितलं नाही. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांची नजर यंत्राच्या बाजूच्या खांबावर होती.

"सरी," मी म्हटलं.

परतताना आमच्या अलीकडच्या क्रॉसला, म्हणजे आडव्या गल्लीत, रस्ता खणलेला होता. केबल टाकून उजव्या बाजूचा चर नुसत्या मातीने बुजवलेला. समोर एक टेंपो आडवा. टेंपोवाल्याने गाडी बाजूला घेतली आणि हात हलवून आम्हाला जायला सांगितलं. इथल्या बसचे कंडक्टर गाडी सोडताना "रैट, रैट" म्हणतात आणि थांबवायला "होल्डान". आमच्या घरात ते सगळेच म्हणतात, जिन्यावरून पलंग उतरवतानासुद्धा. माझ्या तोंडून तेच गेलं. "रैट, रैट!"

जीप उजवीकडे वळली.

सरळ मातीत. पुढचं उजवं चाक अर्ध्याहून जास्त खाली गेलं आणि मी दरवाजाची कडी धरून ओरडले, "होल्डान! होल्डान!" इंजिन बंद पडलं. चार माणसं जमली. कुणी म्हणालं क्रेन बोलावू का, कुणी म्हणालं अज्जाला गाडी कोण देतं.

पुढचं जे झालं ते मी विसरणार नाही. भाऊजी शांतपणे उतरले. मला उतरवून बाजूला उभं केलं, म्हणाले, पुढे नको, मागे नको, चाक माती फेकतं. लोकांनाही हटवलं. मग ते पुढच्या चाकापाशी बसले. या गाडीत पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर एक चकती असते, ती फिरवल्याशिवाय पुढच्या चाकांना जोर पोचत नाही. त्यांच्या बोटांनी मातीतून ती चकती शोधली, खाचेवर अंगठा टेकवला आणि फिरवली. दुसऱ्या बाजूचीही. हात घड्याळजीचे होते आणि डोळे समोरच्या घराच्या गच्चीकडे. आत बसून त्यांनी छोटा दांडा खाली ओढला, सगळ्यात दमाचा गिअर, आणि पाय अजिबात न दाबता, नुसत्या इंजिनाच्या श्वासावर गाडी मागे घेतली. एक इंच, मग एक वीत. चाक वर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्यांनी पुन्हा उतरून दोन्ही चकत्या मोकळ्या केल्या. कोरड्या डांबरावर चारही चाकांना जोर दिला तर पुढच्या आणि मागच्या चाकांचं आत भांडण लागतं, असं ते नेहमी म्हणतात. मग आत बसले आणि म्हणाले, "तुम्ही राइट म्हणालात."

"रैट म्हणजे चला! जन्मभर बसने कारखान्यात गेलात ना?"

"डावी-उजवी तुम्हीच सांगता हल्ली. मला वाटलं उजवी."

"आणि तो चर? चर दिसला नाही?"

त्यांनी क्लच दाबला. पहिला गिअर टाकला. मी घरापर्यंत प्रत्येक खड्डा मोठ्याने सांगत गेले.

दुपारी मी उप्पीट करून खाली नेलं. त्यांच्यासमोर बशी ठेवली आणि विचारलं, "बशीत किती काजू आहेत?"

"वहिनी, परीक्षा नको."

"मग तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं. दिवाळीपासून. नजरेच्या बरोबर मधोमध धूर, कडेचं लख्ख. दोन्ही डोळ्यांत इंजेक्शनं झाली. शुगर तपासायला म्हणून जात होते ते तिकडेच. माणसाचा चेहरा दिसत नाही, कान दिसतो. अक्षर दिसत नाही, पाटी दिसते.

"आणि तरी चालवता."

"हाताने चालवतो. कानाने चालवतो." थोडं थांबून, "आणि तुमच्या डोळ्याने."

मला इतका राग आला की उप्पिटाची बशी मी परत ओढली. "मला विचारलंत? मी तुमचे डोळे आहे हे मला कुणी सांगितलं? मी हवा खायला येत होते! एखादं पोर मधे आलं असतं तर? त्या पोराच्या आईला काय सांगणार होतो, की वहिनी पाटी वाचत होत्या?"

बशी होती तिथे त्यांनी हात फिरवला. मग म्हणाले, "किल्ली दिली की जितू मला न्यायला येईल. अकरावा मजला. तिथे खाली उतरून जायचं कुठे, वहिनी? पार्किंगमध्ये?"

मी म्हटलं, "बुधवारचा बंक आजपासून बंद. गाडी जागची हलवायची नाही. आणि रविवारी मी पुढे बसणार नाही. मागे बसेन आणि तोंड उघडणार नाही."

"म्हणजे जितूला सांगणार."

"मी नाही. तुम्ही."

त्यांनी मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही. बशी मी त्यांच्याकडे सरकवली. बाकीचे दिवस मी गॅलरीत कान देऊन काढले. गाडी हलली नाही, पण जितेंद्रचा फोनही आला नाही. म्हणजे त्यांनी सांगितलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मी त्यांना जिन्यातून विचारलं, "बोललात?" तर म्हणाले, "उद्या." या उद्याचा अर्थ काय घ्यायचा? एकदा वाटलं, गुपचूप खाली जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची किल्ली काढून आणावी. मग वाटलं, नको. पण झोपताना जितेंद्रचा नंबर समोर काढून ठेवला. सकाळी गाडीचं चाक फिरलं असतं तर मी फाटकात उभी राहणार होते.

रविवारी सकाळी तिघं आली. ईरा आल्या आल्या जीपमध्ये चढली, मागच्या बाकावर टोपी घालून. "मोठीआजी, इकडे बस, माझ्याजवळ!" मी बसले. जितेंद्र सामान ठेवत होता. "काकू, तू पुढे बसतेस ना नेहमी?" मी म्हटलं, "आज मागे." त्याने माझ्याकडे बघितलं. मी पिशवीची गाठ घट्ट केली.

भाऊजींनी फेरी घातली. टायर, फरशी, तळवा. आत बसले. हँडब्रेक, दांडा, क्लच. किल्ली अर्धी फिरवली.

इंजिन अजून सुरू नव्हतं. गल्लीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"वहिनी," ते समोर बघतच म्हणाले. "पिवळा विझला का?"

माझ्या ओठावर आलं होतं. मी ईराचा हात धरला आणि गप्प बसले.

"आजोबा, मी सांगू? मला दिसतोय!" ईरा म्हणाली.

त्यांचा हात किल्लीवर तसाच राहिला. मग त्यांनी किल्ली मागे फिरवली, बाहेर काढली, आणि हाक मारली, "शलाका. इकडे ये."

ती मोबाइल बघत उभी होती. "मी, बाबा?"

"गाडी तू चालव."

"बाबा, काय!" जितेंद्र म्हणाला. "तिला ऑटोमॅटिकची सवय आहे."

"एक्स्क्यूज मी," शलाका म्हणाली, "मी माझ्या बाबांच्या ट्रॅक्टरवर शिकलीये. तू शिकवणीच्या क्लासात बसला होतास तेव्हा." आणि ओढणी कमरेला खोचून ती चढलीसुद्धा. जितेंद्र आपली गाडी घेऊन मागून आला.

भाऊजी डाव्या बाजूला बसले, माझ्या जागेवर. मागडी रोडला तिने दोनदा गाडी बंद पाडली. ते ओरडले नाहीत. आमराईच्या अलीकडे ओढा लागतो, फेब्रुवारीत पाणी नाही, नुसती वाळू. तिथे त्यांनी काठावरच थांबवलं. "अडकल्यावर नाही, अडकायच्या आधी." तिला उतरवून दोन्ही चकत्या तिच्याकडून फिरवून घेतल्या. "आता अंगठे बाहेर. स्टिअरिंगच्या दांड्यात अडकवायचे नाहीत. त्याने झटका दिला तर मोडतात. पाय स्थिर ठेव. मधे थांबू नकोस, मधे गिअर बदलू नकोस."

"ओके. जाऊ?"

"रैट," भाऊजी म्हणाले.

शलाका सरळ गेली. पुण्याच्या पोरीला तो शब्द कळला, मला याचं आश्चर्य वाटलं.

पलीकडे आंब्याखाली सतरंजी घातल्यावर त्यांनी जितेंद्रला सांगितलं. चार वाक्यांत. जितेंद्र उठून उभा राहिला. "आणि तू ईराला घेऊन निघाला होतास?"

"निघालो नाही."

मग तो माझ्याकडे वळला. "काकू, तुला माहीत होतं?"

"संशय होता."

"बुधवारी मला सांगता आलं नाही तुला?"

"आलं असतं," मी म्हटलं. तो आंब्याच्या दुसऱ्या बाजूला एक चक्कर मारून आला. अकराव्या मजल्याचा विषय निघालाच. पण शलाकाने तो मधेच तोडला. म्हणाली, "बाबांना तिकडे नेलं तर मला हे कोण शिकवणार? मी येईन रविवारी. बाबा इकडेच राहू दे सध्या." 'सध्या' हा शब्द मी ऐकला. भाऊजींनीही ऐकला असणार.

परतीच्या वाटेवर सिग्नलला तीच नवरीची जाहिरात आली. भाऊजींनी मान वळवून मला हळूच म्हटलं, "वहिनी, त्या बोर्डावर घोडा नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं."

"कसं?"

"तुम्हाला खोटं बोलायचं असलं की तुम्ही 'अहो' लावता."

खरंच कळलं होतं, की आज शलाकाकडून विचारून घेतलं? तिला मी अजून विचारलेलं नाही. विचारीन.

रविवार, २३ फेब्रुवारी २०२५.
आमराईला जाऊन आलो. सगळे सुखरूप. जीपची किल्ली शलाका घेऊन गेली. भाऊजींच्या स्वयंपाकघरातल्या रिकाम्या खिळ्याला चहाचं गाळणं अडकवलं.